छत्रीवाल्याला हाकला!

२१ नोव्हेंबर २००७. वेम्ब्लीवर पाऊस. युरो २००८ गाठायला इंग्लंडला क्रोएशियाशी नुसती बरोबरी पुरली असती. तीही जमली नाही. २-३ असा बोऱ्या वाजला. पहिला गोल गोलकीपर स्कॉट कार्सनच्या हातून निसटलेल्या चेंडूवर झाला. कार्सनला देशासाठी पहिला स्पर्धात्मक सामना नेमका त्याच रात्री खेळवायचा जुगार मॅनेजर स्टीव्ह मॅक्लारेनचा. म्हणजे माणसाला धोपटायला लागेल तेवढं साहित्य मैदानातच पडलं होतं. दुसऱ्या दिवशी ‘डेली मेल’ने धोपटलं ते कशावरून? छत्रीवरून. खेळाडू चिंब भिजतायत आणि साहेब टचलाइनवर छत्री धरून कोरडेठाक! ‘छत्रीवाला बावळट’ अशा अर्थाचं मोठ्ठं शीर्षक, वर इंग्रजीत फक्कड यमक. त्याच दिवशी साहेबांची नोकरी गेली.

आज कुणालाही विचारा. कार्सन आठवायला डोकं खाजवावं लागतं, छत्री चटकन आठवते. पुढे याच बावळटाने हॉलंडमध्ये ट्वेंटेला २०१० साली क्लबचं पहिलं लीग-विजेतेपद मिळवून दिलं. इंग्लंडमध्ये त्यावरही लोक म्हणाले, अरे वा, छत्रीवाला जिंकला की!

मॅनेजरचं काम दिसत नाही, ही खरी गोची आहे. ते चालतं सोमवार ते शुक्रवार, कुंपणाआड. कुणाची मांडी आखडलीय, कोण घरी भांडून आलाय, कॉर्नरला पहिल्या खांबापाशी कुणी उभं राहायचं, पुढच्या संघाचा डावा बॅक कधी आळसावतो. शनिवारी शिट्टी वाजली की त्याच्या हाती उरतात पाच बदली खेळाडू (परवापरवापर्यंत तीनच होते) आणि ओरडायला खडूने आखलेली एक चौकट. पन्नास हजारांच्या गलक्यात ते ओरडणं पलीकडच्या विंगरला ऐकू जात असेल, तर त्या विंगरचे कान ट्रान्सफर बाजारात वेगळे विकायला हवेत. पण चेंडू बाहेर गेला की टीव्हीच्या दिग्दर्शकाला चार सेकंद भरायचे असतात. गवत किती दाखवणार? मग मॅनेजरचा चेहरा. गोल झाला, चेहरा. गोल हुकला, चेहरा. असे चार-चार सेकंद तीसेक वर्षं बघून चाहता आता फुटबॉलचा राहिलाच नाही, चेहऱ्यांचा परीक्षक झालाय. ‘बघ कसा बसलाय! काही देणंघेणंच नाही याला.’

पूर्वीचे चाहते फार समंजस होते, असा गळा काढायला मी बसलेलो नाही. ब्रायन क्लफला लीड्सने १९७४ साली ४४ दिवसांत घालवलं आणि त्याच संध्याकाळी यॉर्कशायर टीव्हीने त्यांना त्यांचेच कट्टर वैरी डॉन रेव्ही यांच्या शेजारी बसवून झुंज लावून दिली. नोकरी गेलेला माणूस आणि ज्याच्या जागी तो गेला होता तो माणूस, एकाच स्टुडिओत. आजच्या चॅनेलवाल्यांना हे सुचलं नाही याचंच वाईट वाटावं. पुढे क्लफनी नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७९ आणि १९८० असा सलग दोनदा युरोपियन कप जिंकून दिला, तेव्हा लीड्सच्या संचालकांचे चेहरे दाखवायला मात्र कॅमेरा गेला नाही. १९८८ मध्ये सौदी अरेबियाशी बरोबरी झाली म्हणून ‘डेली मिरर’ने इंग्लंडचे मॅनेजर बॉबी रॉबसनना थेट अल्लाची शपथ घालून ‘चालते व्हा’ म्हटलं. दोन वर्षांनी हेच रॉबसन वर्ल्ड कपच्या उपांत्य फेरीत. १९९२ मध्ये इंग्लंड स्वीडनकडून हरल्यावर ‘द सन’ने मॅनेजर ग्रॅहम टेलर यांच्या डोक्याच्या जागी सलगम छापलं. त्या भाजीने पुढे त्यांची पाठ कधी सोडली नाही. वर टेलरसाहेबांनी मोठ्या मनाने अंगाला मायक्रोफोन लावून घेऊन माहितीपटवाल्यांना डगआउटमध्ये बसू दिलं. १९९४ मध्ये तो चॅनेल फोरवर लागला आणि एका सभ्य माणसाची तडफड देशाला तोंडपाठ झाली.

म्हणजे विष जुनंच आहे, डोस नवा आहे. डिसेंबर १९८९ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर एका चाहत्याने मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसन यांच्या नावाने फलक फडकावला होता. मथितार्थ असा, की तीन वर्षं सबबी ऐकल्या, माल अजून टाकाऊच, तेव्हा टाटा! या फलकावर पुढे सगळं जग हसलं, कारण फर्ग्युसन त्यानंतर आणखी तेवीस वर्षं तिथेच बसले आणि लीगची तेरा विजेतेपदं घेऊन उठले. मला मात्र त्या फलकवाल्याबद्दल आदर आहे. तो थंडीत, तिकीट काढून, मैदानात उभा होता. त्याने तीन वर्षं सामने पाहिले, सप्टेंबरात मँचेस्टर सिटीकडून १-५ असा मारही पाहिला आणि मग मत बनवलं. मत साफ चुकलं. पण ती फुटबॉलची चूक होती. छत्रीची नव्हती.

मग १९९२ साली प्रीमियर लीग आली आणि तिच्या मागोमाग स्काय वाहिनी. त्याआधीचा आयटीव्हीचा करार चार वर्षांचा, ४ कोटी ४० लाख पौंडांचा. नवा पाच वर्षांचा, ३० कोटी ४० लाखांचा. एवढे पैसे मोजल्यावर नव्वद मिनिटांवर भागत नाही. उरलेले सहा दिवसही वसूल व्हायला हवेत. खेळाडू बोलत नाहीत, बोलले तरी ‘तीन गुण महत्त्वाचे’ यापलीकडे जात नाहीत. मालक दुबईत किंवा अमेरिकेत. सापडतो तो मॅनेजर. त्याला सामन्याआधी बसवा, सामन्यानंतर बसवा, घाम वाळण्याआधी पाच चॅनेलांसमोर उभा करा. त्यातून एखादं वाक्य घसरलं की आठवड्याची सोय झाली.

न्यूकॅसलचा मॅनेजर केव्हिन कीगनचं घ्या. २९ एप्रिल १९९६ ची रात्र. कानावर हेडफोन, समोर बोट रोखलेलं आणि फर्ग्युसनना हरवायला आपल्याला ‘प्रचंड आवडेल’ म्हणून तो स्कायवर थरथरत ओरडला. हा प्रसंग प्रत्येक वर्षी दाखवतात आणि खाली लिहितात, इथे न्यूकॅसलने विजेतेपद गमावलं. जरा थांबा. त्या रात्री न्यूकॅसल लीड्समध्ये १-० असं जिंकलं होतं! जानेवारीतली बारा गुणांची आघाडी त्याआधीच विरघळून गेली होती. महिन्याच्या सुरुवातीला लिव्हरपूलमध्ये ३-४ आणि मग ब्लॅकबर्नमध्ये १-२ असे दोन सामने हातातून गेले होते, आणि युनायटेड वर सरकलं होतं. पण बचावफळीच्या चुका हेडफोन घालून ओरडत नाहीत. तेव्हा ठरलं, की कीगन मनाने हरला. ‘माइंड गेम्स’ नावाचं शास्त्र तेव्हापासून फोफावलं. त्यात पारंगत व्हायला ऑफसाइड कळावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

पुढच्या टप्प्यात चाहत्याच्याच हाती कॅमेरा आला. आर्सेनल फॅन टीव्ही २०१२ मध्ये सुरू झाला. कल्पना साधी: सामना संपला की स्टेडियमबाहेर माइक घेऊन उभं राहायचं. संघ जिंकला तर लोक बस पकडायला पळतात. हरला तर थांबतात, बोलतात, नसा फुगवतात आणि ते लाखो लोक बघतात. सरळ हिशेब आहे. शांतपणे ‘मिडफिल्डमध्ये एक माणूस कमी पडतोय’ म्हणणाऱ्याला कोण विचारतं? थुंकी उडवणारा घरोघर पोचतो. आर्सेनलचा पराभव हा या धंद्याचा सुगीचा हंगाम, आणि त्या वर्षांत पीक बरं आलं.

आर्सेनलचे मॅनेजर वेंगरसरांना याचा पुरता प्रसाद मिळाला. हे तेच गृहस्थ, ज्यांनी २००३-०४ मध्ये अख्खी लीग न हरता जिंकून दाखवली होती. मार्च २०१७ मध्ये वेस्ट ब्रॉमच्या मैदानावर सामना चालू असताना वर एक विमान आलं, शेपटीला फलक: वेंगरला नवा करार नको. थोड्या वेळाने दुसरं विमान: वेंगरवर आमचा विश्वास आहे. दोन गट आकाशात भांडत होते आणि खाली संघ १-३ हरत होता. मान वर करून बघणाऱ्यांचं फार काही बुडलं नसावं. दोन महिन्यांनी त्याच माणसाने चेल्सीला हरवून एफए कप जिंकला. त्याने काय फरक पडणार? ‘वेंगर आउट’चे फलक तोवर जगाच्या प्रवासाला निघाले होते. कुस्तीच्या आखाड्यात दिसले. नोव्हेंबर २०१७ मध्ये तर मुगाबेंना घालवायला निघालेल्या झिम्बाब्वेतल्या गर्दीतही एक फलक झळकला. सदतीस वर्षं सत्तेत असलेले मुगाबे त्याच महिन्यात गेले. वेंगर पुढच्या मे महिन्यापर्यंत टिकले. हुकूमशहापेक्षा चिवट निघाले, हे बावीस वर्षांच्या नोकरीचं प्रशस्तिपत्र म्हणायला हरकत नाही.

आता तर माइकही लागत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात युनायटेडच्या एका चाहत्याने जाहीर केलं, की संघ सलग पाच सामने जिंकेपर्यंत केस कापणार नाही. त्याच महिन्यात मॅनेजर टेन हाग गेले, पाठोपाठ आमोरिम आले. पत्रकार जावळाची लांबी पाहून प्रगती सांगू लागले. मॅनेजरच्या कामगिरीचं मोजमाप इंचांत झालेलं पाहायचं आपल्या नशिबात होतं. पुढच्या ऑगस्टात युनायटेड चौथ्या श्रेणीच्या ग्रिम्सबीकडून पेनल्टीवर ११-१२ असं हरलं. त्या रात्रीचं काय उरलं? पावसात बाकावर बसून छोट्या फळ्यावरचे लोहचुंबक सरकवणारा आमोरिम. फळा वापरणं हे त्याचं कामच नाही का? आहे. पण हरताना फळा हाती असला तर माणूस भांबावलेला दिसतो आणि जिंकताना तोच माणूस बुद्धिबळातला ग्रँडमास्टर.

आर्सेनलच्या मिकेल आर्तेताने खेळाडूंना प्रेरणा द्यावी म्हणून ड्रेसिंग रूममध्ये विजेचा दिवा दाखवला, लिव्हरपूलला जायच्या आधी सरावाला भोंग्यांवर लिव्हरपूलचंच गाणं लावलं. अॅमेझॉनच्या माहितीपटात हे सगळं आलं. सुरुवातीला पोट धरून हसले लोक. मग आर्सेनल सलग तीन हंगाम दुसऱ्या क्रमांकावर आलं, तेव्हा तोच दिवा दूरदृष्टीचा झाला. दुसरा क्रमांक जुना वाटू लागला तशी दिव्याची वात पुन्हा मंदावली. दिवा एकच. त्याचं बटण गुणतक्त्याला जोडलेलं.

तुम्ही म्हणाल, आता आकडेवारी आली आहे, एक्सजी आलाय, संधींचं मोजमाप होतं; चाहता शहाणा झाला असेल. बीबीसीचा ‘मॅच ऑफ द डे’ २०१७ पासून एक्सजी दाखवतो. ज्याला भागाकार जमत नाही तोही हल्ली ‘अपेक्षित गोल १.८ होते’ म्हणतो. या आकड्यांचा लाडका म्हणजे ग्रॅहम पॉटर. स्वीडनच्या चौथ्या श्रेणीतला ओस्टरसुंड त्याने वर आणला, एवढा वर की त्या संघाने २०१८ मध्ये आर्सेनलला लंडनमध्ये हरवलं. मग ब्रायटनला देखणं खेळायला शिकवलं. तिथे लीड्सशी ०-० झाल्यावर घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो केली, तेव्हा आपल्याला क्लबच्या इतिहासाचा धडा घ्यावा लागेल, असा चिमटा त्याने काढला. पुढे चेल्सी. तिथे संघ घसरला, आणि भर पत्रकार परिषदेत प्रश्न काय? तुम्ही रागावत का नाही? गोल का होत नाहीत ते नंतर बघू, आधी डोळे वटारून दाखवा! सात महिनेही झाले नव्हते, घरी पाठवला. आकडे बाजूला राहिले, चेहऱ्याने घात केला.

बरं, दर सोमवारी काचेच्या पडद्यावर बाण काढून मॅनेजरांना शहाणपण शिकवणारे? गॅरी नेव्हिल त्यातला सर्वात चांगला, हे मी मनापासून म्हणतो. त्याचं बोलणं ऐकून डोक्यात उजेड पडतो. डिसेंबर २०१५ मध्ये तो व्हॅलेन्सियाचा मॅनेजर झाला. लीगचे सोळा सामने, विजय तीन. बार्सिलोनाने चषकाच्या सामन्यात सात गोल मारले, बदल्यात शून्य. मार्च संपायच्या आत परत. त्याआधी २००९ मध्ये अॅलन शिअरर बीबीसीच्या सोफ्यावरून उठून न्यूकॅसल वाचवायला गेला: आठ सामने, एक विजय, क्लब खालच्या श्रेणीत. दोघेही पुन्हा सोफ्यावर आले आणि त्यांचे बाण पूर्वीइतकेच अचूक लागू लागले. तो पडदा थांबवता येतो हो. व्हॅलेन्सियात कुणी थांबत नाही. आणि खुर्चीवरचा अंदाज चुकला तर कुणाची नोकरी जात नाही. जुलै २०१५ मध्ये लेस्टरने नवा मॅनेजर नेमल्यावर ‘मॅच ऑफ द डे’चा सूत्रधार गॅरी लिनेकरने ट्विट करून विचारलं होतं, क्लॉडिओ रानिएरी? खरंच? दहा महिन्यांत रानिएरीने ५०००-१ भाव असलेल्या लेस्टरला लीग जिंकून दिली. लिनेकरने आधी दिलेल्या शब्दाला जागून अंडरपँटवर कार्यक्रम सादर केला आणि त्याचं कौतुकच झालं. रानिएरीला पुढच्या फेब्रुवारीत काढून टाकलं. कपडे एकाचे उतरले, नोकरी दुसऱ्याची गेली.

एक बेचव गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण ती सांगून कुठल्याच चॅनेलचं पोट भरत नाही. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी ‘सॉकरनॉमिक्स’मध्ये वर्षानुवर्षांचे हिशेब मांडून दाखवलंय, की क्लब लीगमध्ये कुठे येणार हे बहुतांशी खेळाडूंच्या एकूण पगारावरून ठरतं. डच अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी हॉलंडच्या लीगमधल्या बडतर्फ्या तपासल्या. मॅनेजर काढल्यावर संघ सुधारतो, हे खरं. पण तितकेच वाईट खेळणारे आणि मॅनेजर न काढणारे संघही जवळपास तसेच सुधारतात. आता हे सांगणाऱ्या पाहुण्याला रविवारी संध्याकाळी स्टुडिओत कोण बोलावेल? ‘पगारपत्रक दाखवा’ अशी घोषणा विमानाच्या शेपटीला शोभत नाही.

आपली तर गंमत वेगळीच. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात सामने टीव्हीवर थेट दाखवायला अजूनही बंदी आहे. खालच्या श्रेणीच्या क्लबांच्या गेटवर लोक यावेत म्हणून. त्यामुळे तीन वाजताचा सामना मँचेस्टरच्या माणसाला घरात दिसत नाही आणि सांगलीच्या माणसाला रात्री साडेसात-साडेआठला जेवता जेवता दिसतो. तिकीट नाही, पाऊस नाही, सरावाच्या मैदानाचं कुंपणसुद्धा जन्मात दिसलेलं नाही. मुंबई-पुण्यातल्या पबात लाल जर्सी घालून बसलेल्या पोरांच्या दृष्टीने मॅनेजर म्हणजे निव्वळ चार सेकंदांचे तुकडे जोडून शिवलेला माणूस. त्यांच्याकडे दुसरं साधनच नाही. तरीही ड्रेसिंग रूम त्याच्या हातातून गेलीय, हे त्यांना मँचेस्टरच्या आधी कळतं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची लढत असेल तेव्हा कोच गॅलरीतून हाक ऐकू येईल इतका जवळ उभा असतो. त्याला घातलेली शिवी त्याला ऐकू जाते. तो मागे वळून बघतो. मग शिवी घालणारा निदान नीट विचार करून घालतो.

आंजे पोस्तेकोग्लू हा या साऱ्याचा कळस. मे २०२५ मध्ये त्याने टॉटनहॅमला बिल्बाओत युरोपा लीग जिंकून दिली. सतरा वर्षांतला क्लबचा पहिला करंडक. लीगमध्ये मात्र सतरावा क्रमांक. सोळा दिवसांनी नारळ. इथवर वाद घालता येतो, मीही दोन्ही बाजूंनी घालू शकतो. सप्टेंबरात तो नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. पहिल्या काही सामन्यांतच स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याला, सकाळी तुझी नोकरी जाणार, असं गाऊन दाखवलं. एकूण आठ सामने, विजय एकही नाही. १८ ऑक्टोबरला चेल्सीसमोर फॉरेस्ट ०-२ मागे पडलं, तेव्हा मालक मारिनाकिस सामना अर्धवट टाकून जागेवरून उठून गेले आणि कॅमेरा त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन थांबला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच एखाद्या चेहऱ्याची गरज पडली नाही. जगभरच्या प्रेक्षकांनी खुर्ची बघितली आणि निकाल लावला. शेवटी ०-३ झालं. क्लबचं निवेदन शिट्टीनंतर १८ मिनिटांनी आलं. तोवर त्यात शुद्धलेखन तपासण्यापलीकडे वाचायला काही उरलं नव्हतं.